नऊ तास दहा मिनिटांचा दोरा

मी एक दोरा आहे. साधा सुती, निळा, कोटाची काजं करायला वापरतात तसा जाडसर. माझी लांबी अठरा सेंटीमीटर. अंगावर सारख्या अंतरावर नऊ गाठी, एका टोकाला खिळ्याला अडकवण्यापुरतं वेटोळं आणि दुसऱ्या टोकाला नखाएवढं शेपूट. एवढ्याशा दोऱ्याला कसलं आलंय चरित्र, असं तुमच्या मनात आलं असेल. येऊ दे. या शिवणकामाच्या दुकानात माझ्याइतका वेळ मालकिणीच्या हातात कुणीच राहिलेलं नाही. कात्रीसुद्धा नाही, आणि तिचा तोरा तर बघवत नाही.

माझा जन्म रिळावरचा. आम्ही तिथे दोनशे मीटर होतो, सगळे एका अंगाचे. माझ्या आधीचे भाऊबंद कुणाच्या कोटाच्या काजात गेले, कुणी पडद्याच्या दुमडीत. एक तर एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या बटणात बसला आणि रोज पोटाच्या ताणाला तोंड देऊ लागला. माझ्याही नशिबी असंच काहीतरी असणार असं मी धरून चाललो होतो. पण माझी पाळी आली तेव्हा मालकिणीने मला सुईत ओवलंच नाही. तिने हातभर दोरा तोडला आणि शेजारी गेली.

शेजारी विमानाच्या तिकिटांचं कार्यालय होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा आणि टेबलावर फिरणारा पृथ्वीचा गोळा. तिथे बसणाऱ्या गृहस्थांना सगळी गल्ली तिकीटमामा म्हणायची. मालकिणीच्या मुलीने लहानपणी ते नाव पाडलं होतं. ती मुलगी, चिमी, आता परिचारिका झाली होती आणि परदेशातल्या रुग्णालयात नोकरीला निघाली होती. तिकीट मामांनीच काढलं होतं.

"मामा, खरं सांगा, किती लांब आहे?" मालकिणीने विचारलं. "त्या नकाशावर बघितलं की पोटात गोळा येतो."

"नकाशाकडे बघूच नका, ताई. तो कागद सपाट आहे, पृथ्वी सपाट नाही," मामा म्हणाले. "द्या तो दोरा इकडे."

त्यांनी माझं एक टोक गोळ्यावर आपल्या गावाच्या विमानतळावर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं चिमीच्या गावाच्या विमानतळापर्यंत ताणलं. मी सरळ आडवा जाईन असं मला वाटलं होतं, पण ताण बसल्यावर मी आपोआप वर सरकलो, थंड प्रदेशांवरून वळसा घेतल्यासारखा. मामा म्हणाले, विमान याच वाटेने जातं, कारण गोळ्यावर हीच सगळ्यात जवळची वाट. मग त्यांनी पट्टी लावली, वहीच्या कोपऱ्यात आकडेमोड केली आणि कात्री मागितली.

"सात हजार सातशे किलोमीटर. थेट विमान आहे. नऊ तास दहा मिनिटं."

मग त्यांनी दर दोन सेंटीमीटरला एक गाठ मारली. एक गाठ म्हणजे एक तास. शेवटच्या दहा मिनिटांसाठी ते नखाएवढं शेपूट ठेवलं. ही त्यांची पद्धतच होती. ज्यांचं माणूस पहिल्यांदा लांब निघालं असेल त्यांना ते नुसता आकडा सांगून सोडायचे नाहीत, दोरा करून द्यायचे. आकड्याची भीती वाटते, दोऱ्याची वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मालकिणीने मला तळहातावर घेतलं.

"एवढंच?"

"एवढंच," मामा म्हणाले.

त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू?

चिमी निघाली तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळी दहाचं विमान होतं. मालकीण विमानतळावर गेली नाही, तिथे रडायला येईल म्हणून. तिने मशीनसमोर बसून पडदे शिवायला घेतले आणि डाव्या हाताच्या बोटांत मला धरलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले, तिचं नख पहिल्या गाठीवर आलं. बारा वाजले, दुसऱ्या. जेवायला उठली तेव्हाही मी मुठीत होतो. त्या दिवशी शिवलेल्या चार पडद्यांपैकी तीन उलट्या बाजूने शिवले गेले आणि दुसऱ्या दिवशी उसवावे लागले. संध्याकाळी सात वाजता नवव्या गाठीवर नख आलं, सात दहाला शेपटावर. "पोचली," असं म्हणून तिने देवाला हात जोडावेत तसे मला हात जोडले.

फोन मात्र पावणेनऊला आला. सामानाची वाट बघणं, कागद दाखवायची रांग, मग फोन कुठून करायचा ते शोधणं, यात दीड तास गेला होता. त्या दीड तासाची माझ्याकडे गाठ नव्हती. पण आनंदाच्या भरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही, आणि मी तरी कशाला सांगतोय?

तेव्हापासून मशीनच्या उजव्या बाजूचा खिळा हे माझं घर झालं. दोरा भरताना, बॉबिन बदलताना, गिऱ्हाइकाची वाट बघताना तिचा हात माझ्याकडे यायचा. माझ्यावरून नख फिरवता फिरवता ती म्हणायची, "नऊ तास. सकाळी निघाली तर संध्याकाळच्या जेवणाला इथे." प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी ओळख करून द्यायची. लोकही कौतुकाने मला हाताळायचे. काहींचे हात तेलकट असत, पण ते जाऊ द्या.

एक बाई उशांचे अभ्रे शिवून न्यायला यायच्या. त्यांनी एकदा मला बोटावर गुंडाळत विचारलं, "नऊ तासांवर असून वर्षातून एकदा येते?"

"येते ना. पंधरा दिवस राहते."

"माझा मुलगा वीस मिनिटांवर राहतो," त्या म्हणाल्या. "अभ्रे झाले का हो?"

मला वाटतं, त्या दिवसापासून तिने मला जास्तच जपलं.

पहिली चार वर्षं चिमी दरवर्षी आली. मग तिने तिकडेच लग्न केलं, जावईबापू एकदा येऊन पाया पडून गेले, मग मुलगी झाली आणि येणं लांबलं. दर रविवारी फोन व्हायचा. चिमी म्हणायची, "आई, आता तूच ये ना. नातीला बघायचं नाही का?" आणि मालकीण मला हातात घेऊन म्हणायची, "अगं, नऊ तासांचा तर प्रश्न आहे. येईन की कधीही." मग शाळांचे गणवेश निघायचे, ते संपले की लग्नसराईचे कपडे, ते संपले की कुणाच्या तरी बारा खिडक्यांचे पडदे. "कधीही" काही उगवत नव्हतं. नातीला तिने अंदाजाने एक झबलं शिवून पाठवलं. ते पोचेपर्यंत बाळ त्याच्या बाहेर वाढलं होतं.

त्या फोनवर दोघी काय बोलायच्या हे मी शब्दशः सांगू शकतो, इतकं ते ठरलेलं होतं. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मी पण बरी." दोघीही खोटं बोलायच्या. मालकिणीला जिना चढताना दम लागायला लागला होता. चिमीचा आवाज कधीकधी रडून बसलेला असायचा. पण इतक्या जवळच्या माणसाला उगाच कशाला घोर लावायचा, असं दोघींनाही वाटत असावं. जवळ असल्याचा तो भरवसा माझा होता. मी हे आज कबूल करतो.

एके दिवशी दुपारी तिकीटमामा दुकानात आले. हातात एक घडी घातलेला कागद होता. मालकीण तेव्हा एका नव्या गिऱ्हाइकाला माझ्या गाठी मोजून दाखवत होती. मामा दारातच उभे राहिले. ते तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. गिऱ्हाईक गेल्यावर मालकिणीने विचारलं, "काय हो मामा, काही काम होतं?"

"नाही. चहा आहे का, म्हटलं बघावं."

चहा पिऊन, कागद खिशात घालून ते गेले. माझ्या मनात पाल चुकचुकली. तो कागद विमान कंपनीचा होता, हे पुढे कळलं. चिमीच्या गावाला जाणारं थेट विमान त्या महिन्यापासून बंद झालं होतं. पुढे काही महिन्यांनी मामांचं कार्यालयही बंद झालं, लोक हातातल्या फोनवरच तिकिटं काढायला लागले होते. मामा मग रोज सकाळी आमच्याच दुकानातल्या स्टुलावर वर्तमानपत्र वाचत बसायचे. रोज माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर. पण त्यांच्या तोंडाला लागलेलं कुलूप उघडलं नाही.

असं पावणेदोन वर्षं चाललं.

मग एका बुधवारी सकाळी मामा आले तर दुकानाच्या दारावर कागद चिकटवलेला: "आठ दिवस दुकान बंद." आत मालकीण पिशवी भरून बसली होती. टॉवेल, दोन झगे, रुग्णालयाचे कागद.

"बसा मामा. घाबरू नका," ती म्हणाली. "हृदयाची एक झडप खराब झालीये. उद्या सकाळी आठला शस्त्रक्रिया आहे."

मामांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली गेलं. "उद्या? आणि चिमी?"

"तिला आत्ता फोन करणार आहे. मुद्दामच आजवर सांगितलं नाही. पंधरा दिवस आधी सांगून काय, जीव टांगणीला लागला असता तिचा. आता सांगितलं की दुपारचं विमान धरेल. नऊ तास. मला आत नेतील तेव्हा ती माझ्या उशाशी असेल." एवढं बोलून ती जरा थांबली. "तिला बघितल्याशिवाय मला आत जायचं नाही, मामा. मला फार भीती वाटते."

ती दोऱ्याच्या हिशोबाने वागली होती. प्रत्येक कापडात शिलाईसाठी दोन बोटं जास्त सोडणारी बाई, पण वेळेत तिने बोटभरसुद्धा जास्त सोडलं नव्हतं.

मामा स्टुलावर बसले. "ताई, ते विमान आता जात नाही."

"आज जात नाही?"

"बंद झालं. थेट विमानच नाही आता. मध्ये एका ठिकाणी उतरून दुसरं पकडावं लागतं, तिथे खूप वेळ थांबावं लागतं."

"कधीपासून?"

"पावणेदोन वर्षं झाली."

मालकिणीने मला खिळ्यावरून काढलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही मला आज सांगताय?"

"सांगायलाच आलो होतो. तुमच्या हातात हा दोरा होता. माझी जीभच वळली नाही हो."

तिने फोन लावला. चिमीला सगळं सांगितलं. पलीकडून किंचाळल्यासारखा आवाज आला, मग रडण्याचा, मग घाईघाईने काहीतरी शोधल्याचा. शेवटी चिमी म्हणाली, "आई, सव्वीस तास. आत्ता दारातून निघाले तरी उद्या सकाळी अकराच्या आधी नाही पोचत. पुढे ढकलता येईल का गं?"

रुग्णालयात विचारून झालं. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दीड महिना थांबणं धोक्याचं आहे.

चिमी निघाली. मालकीण रुग्णालयात दाखल झाली. मला तिने करंगळीला गुंडाळून घेतलं होतं, पण मोजत नव्हती. सकाळी परिचारिका आली आणि म्हणाली, "मावशी, अंगठी, बांगड्या, दोरे, सगळं काढावं लागेल." तिने मला सोडवून मामांच्या हातात दिलं. चाकांच्या खाटेवर झोपवल्यावर तिने मान वळवून विचारलं, "चिमी कुठवर आली असेल?"

"वाटेत आहे," मामा म्हणाले. याहून जास्त त्यांना ठाऊक नव्हतं.

तिला एकटीला आत नेलं. दार बंद झालं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मामा बाकावर बसले आणि त्यांनी मला मुठीत आवळलं. एकदा मूठ उघडून ते माझ्याशी बोलले. "तुझी चूक नाही रे," म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाने दोऱ्याची समजूत घालावी! मला तिथल्या तिथे उसवून जावंसं वाटत होतं.

दुपारी दीडला डॉक्टर बाहेर आले. झडप बदलली होती. शुद्धीवर यायला वेळ लागेल म्हणाले, पण धोका टळला होता. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

चिमी त्यानंतर थोड्याच वेळात पोचली. केस विस्कटलेले, पाय सुजलेले, अंगावर कामावरचाच गणवेश. मामा तिच्यासमोर हात जोडायला गेले तर तिने ते हात धरले. "मामा, मलाही माहीत होतं विमान बंद झालेलं. आई दर रविवारी नऊ तास, नऊ तास म्हणायची. मीही गप्प बसले ना."

संध्याकाळी मालकिणीने डोळे उघडले. नळ्या होत्या, बोलायला त्रास होत होता. चिमी वाकून जवळ गेली.

"किती वेळ लागला गं?"

"एकोणतीस तास, आई. माझ्या दारापासून तुझ्या खाटेपर्यंत. दुसरं विमान उशिरा सुटलं."

मालकिणीने डोळे मिटले. पुन्हा उघडले. "लांब आहेस तू."

"हो आई. खूप लांब आहे."

आणि दोघी रडायला लागल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य दोघींपैकी कुणीच उच्चारलं नव्हतं. उच्चारायची गरजच मी पडू दिली नव्हती. मी मामांच्या खिशात होतो, पण मला सगळं ऐकू येत होतं.

चिमी तीन आठवडे राहिली. तिने आईला उठवलं, चालवलं, दोन मजले जिना चढवला, गोळ्यांची वेळ मामांच्या डोक्यात पक्की बसवली आणि परत गेली. ती गेली त्या दिवशी मी खिळ्यावर वाट बघत होतो. मामांनी मला तिथे आणून अडकवलं होतं. मालकीण मशीनवर बसली, पण तिने हात लावला नाही. विमान सुटायची वेळ झाली, एक तास झाला, दोन झाले. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मग रविवारचे फोन बदलले. पहिल्याच फोनवर मालकीण म्हणाली, "आज टाके दुखतायत, आणि घरात एकटं वाटतं." चिमीने सांगितलं की बाळ झाल्यावर एक महिना ती रोज बसमध्ये बसून रडायची. मालकिणीने मशीन थांबवलं. "मला का नाही सांगितलंस?" "तू घाबरली असतीस." "घाबरले असते. मग काय झालं असतं?" तासतासभर त्या बोलू लागल्या. कधी भांडायच्यासुद्धा. माझ्या समोर सगळं चालायचं आणि त्यात मला काही काम नव्हतं. माझ्यावर धूळ बसायला लागली. एकदा तर खडूची पिशवी अडकवायला खिळा हवा म्हणून तिने मला काढून बटणांच्या डब्यात टाकलं.

डब्यात तुटकी बटणं, वाकड्या सुया आणि मी. तिथे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एकटेपण म्हणजे काय ते मला तिथे कळलं. आणि तिथेच मला एक गोष्ट उमगली. मी काही चुकीचा नाही. आजही मला गोळ्यावर ताणलंत तर त्या दोन विमानतळांमधलं अंतर तंतोतंत तेवढंच भरेल. पण माझ्या वाटेने आता कुणी जात नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. शाळांचे गणवेश निघायचा मोसम होता. मालकिणीने शाळेला नाही म्हणून कळवलं. मामांनी डोळे विस्फारले.

"जवळ होती ना ती, म्हणून जायचं राहत गेलं," ती त्यांना म्हणाली. "लांब आहे म्हटल्यावर आता निघायलाच हवं. तीन महिन्यांचं तिकीट काढा. आणि सगळे तास सांगा, एकही लपवू नका."

मामांनी कागदावर सगळं लिहून दिलं. घरून विमानतळ, रांगा, पहिलं विमान, मधलं थांबणं, दुसरं विमान, सामान, बस. तिने तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि पिशवीत ठेवला. नातीसाठी तीन झगे शिवले. मापं या वेळी फोनवरून नीट विचारून घेतली होती.

आज सकाळी ती निघाली. गाडी दारात उभी होती. बटणांचा डबा ती मामांच्या हवाली करत होती, तेवढ्यात मी त्यांच्या नजरेला पडलो. त्यांनी मला चिमटीत उचललं, धूळ फुंकली.

"ताई, हा घेता का बरोबर? वाटेत हाताला चाळा होईल."

तिने मला तळहातावर घेतलं. तिच्या बोटांचा तो जुना खरखरीतपणा, सुईने टोचलेली टोकं. मला वाटलं, नख फिरवेल. पण तिने नुसतं बघितलं. रागाने नाही. आपण एखाद्या जुन्या शेजाऱ्याकडे बघतो तसं.

"राहू दे मामा," ती म्हणाली. "मी जातेय ना आता. तिथे पोचल्यावर दोरा कशाला लागतो?"

तिने मला परत खिळ्याला अडकवलं, खडूची पिशवी बाजूला ठेवून. मग शटर खाली आलं.

आता दुकानात अंधुक उजेड आहे. मशीनवर चादर टाकलीये. कात्रीचा तोराही उतरलाय. मला रडता येत नाही, आणि खरं सांगायचं तर रडण्यासारखं काही झालेलंही नाही. ती बरोबर बोलली. माझ्यासारखा दोरा ज्यांना जायचं नसतं त्यांच्यासाठी असतो.

तुमचंही कुणी असेल, अमुक तासांवर. तो आकडा तुम्ही पुष्कळ जणांना सांगत असाल. आज त्या माणसालाच फोन करून विचारा, तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत खरंच किती वेळ लागतो? उत्तर ऐकून पोटात गोळा आला तरी विचारा. आणि मग फोन लगेच ठेवू नका.